तारीख पडलीय म्हणालात, अण्णा

अण्णा, तुम्ही गेल्याचं मला इद्रिसनं कळवलं. पण 'गेले' हा शब्द काही त्याच्या तोंडून निघाला नाही. "ताई, अण्णा जरा सिरीयस हायत. तुम्ही या की लगेच," एवढंच म्हणाला. मी तेव्हा दवाखान्यात एका बाईंशी बोलत बसले होते. फोन ठेवला आणि त्यांना म्हणाले, "माझ्या जवळचे एक जण वारलेत, मला निघायला हवं." आपल्याकडे सिरीयस म्हणजे काय, हे मला नव्यानं कळायचं होतं थोडंच! माणूस गेला की घरच्यांना फोन जातो तो सिरीयस म्हणूनच. गाडी चालवताना हात कापू नये, वाटेत धीर सुटू नये म्हणून. मला नवल वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. सुदानहून आलेल्या पोराला हे कुणी शिकवलं? रिक्षात मी रडत होते आणि मध्येच मला हसूही आलं. पोरगं पक्कं कोल्हापूरचं झालं, म्हटलं.

आज ते हसू आठवलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

तुमच्या शोकसभेतून मी मध्येच उठून गेले. तुम्हाला हे दुसरं कुणी सांगणार नाही, म्हणून मीच सांगते. सभा छान चालली होती. हॉल भरला होता, पार मागं उभं राहून लोक ऐकत होते. तुमच्या बरोबरीचे एक वकील उठले आणि गहिवरून म्हणाले, "अण्णांनी आपल्या पक्षकाराला कधी अंधारात ठेवलं नाही." मी पर्स उचलली आणि बाहेर आले. लोकांना वाटलं, बाईंना दुःख आवरेना. तुमच्या फोटोशेजारी बसलेल्या काकूंनी तेवढं माझ्याकडं वळून बघितलं. त्यांना ठाऊक होतं.

सभा भरवणाऱ्यांनी तुमच्यावरच्या स्मरणिकेसाठी माझ्याकडं चार शब्द मागितलेत. ते मी देणार नाही. जे आहे ते तुमच्याशीच आहे.

तुम्हाला आठवतं ना, आपलं सुरू कसं झालं ते? तालमीच्या जागेचा दावा तुम्ही लढवत होता, म्हणून पेठेतली पोरं काही झालं की तुमच्याकडं धावायची. त्या वर्षी त्यांच्या फुटबॉल संघात इद्रिस बॅकला खेळत होता. कॉलेज शिकायला आलेला, उंच, कमी बोलणारा. त्याच्या देशात लढाई पेटली होती, भाऊ तिच्यात गेला होता आणि त्याची आई धाकट्या बहिणीला घेऊन कशीबशी इजिप्तला पोचली होती. इकडं त्याचा संघ मॅच जिंकला, पोरांनी मैदानातच फटाक्यांची माळ लावली, आणि इद्रिस डोक्यावर हात घेऊन मातीत पालथा पडला. आधी सगळे हसले. वाटलं, गंमत करतोय. बराच वेळ उठेना तेव्हा त्याला उचलून तुमच्याकडं आणलं, कारण डॉक्टरपेक्षा वकिलावर त्यांचा विश्वास जास्त. तुम्ही मला फोन केलात. आपली ओळख तेव्हा जेमतेमच होती. कोर्टाच्या एका कामात मी समुपदेशक म्हणून साक्ष दिली होती, तेवढीच.

"डॉक्टरीणबाई," तुम्ही म्हणालात, "एक पोरगं हाय. व्हिसा संपलाय त्येचा, आन फटाक्याला भ्यालंय. व्हिसा मी बघतो. भ्यालेलं तू बघ."

मी डॉक्टर नाही, असं तुम्हाला किती वेळा सांगितलं. "मनाची तर हायस की," म्हणून तुम्ही विषय उडवून लावायचात.

मग शनिवार ठरला. पुढच्या खोलीत तुम्ही, मागच्या खोलीत मी. इद्रिसच्या मागोमाग येमेनची दोन पोरं आली, एक अफगाण बाई आली. आपल्याकडं निर्वासितांसाठी वेगळा कायदाच नाही, हे मला तुमच्याकडूनच कळलं. कायद्याच्या लेखी इद्रिस म्हणजे व्हिसा संपलेला परदेशी, बाकी काही नाही. संयुक्त राष्ट्रांच्या दिल्लीतल्या कार्यालयात मुलाखत द्यायची, तिथं निर्वासित म्हणून मान्यता मिळाली तर एक कार्ड मिळतं, आणि त्या कार्डाच्या आधारावर इथं पाय टेकायला जरा जागा होते. आयुष्यभर तुम्ही बांधाचे आणि वाटणीचे दावे लढवलेत, आणि साठी उलटल्यावर हे नवं शास्त्र चष्मा पुसून पुसून शिकलात. मागच्या खोलीतला पंखा खटखट करायचा. इद्रिस त्यानं दचकतो असं मी एकदा सहज बोलले, तर पुढच्या शनिवारी नवा पंखा लागलेला. हे सगळं मी विसरलेले नाही. विसरता आलं असतं तर रागवायला सोपं गेलं असतं.

आपलं भांडण मात्र पहिल्या शनिवारपासूनचं. मी म्हणायचे, माणसाला त्याच्याबद्दलची खरी गोष्ट कळलीच पाहिजे, ती कितीही वाईट असली तरी. तुम्ही चहा बशीत ओतता ओतता मान हलवायचात.

"तू सांगून मोकळी हुतीस. रात्र त्येला काढायची आसती."

"आणि न सांगता तुम्ही त्याच्या रात्री चोरता, त्याचं काय?"

"बोलायला चांगलं हाय हे. चहा पी."

मग तुम्ही पन्हाळ्याकडच्या त्या म्हातारबांची गोष्ट सांगायचात. बांधाचा दावा, आणि अपिलातही हरलेले. वर जायला वाटच उरली नव्हती. तुम्ही त्यांना निकाल सांगितलाच नाही. ते कोल्हापूरला आले की त्यांना चहा पाजायचा आणि म्हणायचं, "तारीख पडलीय, म्हातारबा. फुडच्या खेपंला बघू." म्हातारबा खुशीत एसटीनं परत. ते वारले तोवर हे असंच चाललं. "दावा जित्ता हाय म्हणून त्यो जित्ता हुता," हे सांगताना तुम्ही मिशीत हसायचात, आणि खरं सांगायचं तर मलाही हसू यायचं. माणूस म्हणून तुम्ही मला तेव्हा फार आवडायचात.

दिल्लीला मुलाखत देऊन आलेल्या इद्रिसला झोप येत नव्हती, हे तुम्हाला माहीत होतं. फोन वाजला की तो भरल्या ताटावरून उठायचा. आईचा असेल, दिल्लीचा असेल, पोलिसांचा असेल. मी त्याला एक वचन दिलं. तुमच्या देखत दिलं, दार उघडं होतं आणि तुम्ही उंबऱ्यात उभे होता. मी म्हणाले, "इद्रिस, दिल्लीची वाईट बातमी आलीच, तर ती तुला फोनवर कळणार नाही. ती तुला इथं, या खोलीत, दिवसाउजेडी, मी स्वतः सांगेन. त्यामुळं बाकीच्या वेळी फोनला भ्यायचं कारण नाही." त्यानं तुमच्याकडं बघितलं. तुम्ही मान डोलावलीत.

त्या एका वचनावर तो झोपायला लागला, अण्णा. माझं बाकीचं शिक्षण, पदव्या, सगळं एकीकडं आणि ते वचन एकीकडं. दर शनिवारी मागच्या खोलीत जायच्या आधी मी तुम्हाला विचारायचे, "दिल्लीचं काय?" तुम्ही फायलीतून मान वर न काढता म्हणायचात, "तारीख पडलीय." मी आत जाऊन त्याला सांगायचे, "काही नाही रे, तारीख पडलीय." तो हसायचा. तारीख हा त्याच्या अरबी भाषेतलाही शब्द, तेवढं एक मराठी त्याला आयतं मिळालं होतं.

दिवाळीनंतर तुम्ही जरा बदललात, हे माझ्या लक्षात आलं होतं. तुम्ही माझ्याशी भांडेनासे झालात. मी खोडी काढायचे, तुम्ही "आसंल बाई तुझं बरोबर," म्हणायचात. वयानं मऊ झाले असतील, असं मी समजले. इद्रिसला तुम्ही फराळाला घरी नेलंत, त्याला नवा शर्ट घेतलात. जन्मात कधी फुटबॉल न बघणारे तुम्ही, छत्रीची सावली धरून त्याच्या मॅचला जाऊन बसायला लागलात. मी घरी कौतुकानं सांगायचे, आमचे अण्णा बघा!

मग तुम्ही गेलात. ऑफिसच्या जिन्यावर तुम्हाला कळ आली आणि इद्रिस मागंच होता. त्यानं तुम्हाला दोन्ही हातांवर घेऊन खाली आणलं, रिक्षात घातलं. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. अंत्ययात्रेत तो लांब, मागं राहिला होता. आपला धर्म वेगळा, आपण पुढं जावं की नको, हे त्याला कळत नव्हतं. काकूंनीच हाक मारली, "इद्रिस, ये, तूबी दे खांदा. तुलाच ह्यांनी शेवटचं बघितलंय."

रक्षाविसर्जन झालं त्यानंतरची गोष्ट. मी तुमच्या घरी काकूंजवळ बसले होते. दिल्लीत आपली कामं बघणाऱ्या वकीलबाईंचा फोन आला. त्या मूळच्या नागपूरच्या, म्हणून आपलं मराठीतच बोलणं व्हायचं. आधी तुमच्याबद्दल बोलल्या. मग म्हणाल्या, "वैशालीताई, ही वेळ नाही, पण विचारते. इद्रिसनं अपिलाचं शेवटी काय ठरवलं?"

"कसलं अपील?"

"अहो, त्याला नकार आला ना. दिवाळीच्या आधीच. अण्णा म्हणाले होते, मी त्याला नीट समजावून सांगतो, तुम्ही थेट कळवू नका. मी दोनदा आठवण केली. म्हणाले, पोराशी बोलणं चाललंय."

मी उठून गॅलरीत आले. खाली शेजारच्यांची मुलं सायकल फिरवत होती. "नकार का?" एवढंच माझ्या तोंडून निघालं.

त्याच्या सांगण्यात मेळ लागत नाही, असं म्हणे. घर कधी सोडलं, भाऊ कधी गेला, आधी काय आणि नंतर काय, दर वेळी क्रम वेगळा. म्हणून विश्वास बसत नाही.

अण्णा, मला शिवी येत नाही, नाहीतर दिली असती. ज्यानं डोळ्यासमोर असलं काही बघितलंय त्याला ते क्रमानं आठवत नाही, हे मला झोपेतून उठवून विचारलंत तरी मी सांगेन. तेच तर माझं काम! अपिलाबरोबर माझा एक अहवाल लागला असता. इतके शनिवार मी मागच्या खोलीत काय करत होते असं तुम्हाला वाटत होतं? जी एक गोष्ट या पोरासाठी मला करता येण्यासारखी होती, ती करायची वेळ होती तेव्हा तुम्ही मला सांगत होता, तारीख पडलीय. अपिलाची मुदत तुमच्या त्या तारखांखाली सरून गेली. म्हातारबांचं सगळं हरून झालेलं होतं, अण्णा. इद्रिसचं नव्हतं. एवढा साधा फरक तुमच्यासारख्या वकिलाला कळला नाही?

की कळला होता, आणि त्याच्या तोंडाकडं बघून तुम्हाला ते बोलवलं नाही? उद्या सांगू, सामना झाला की सांगू, सण झाला की सांगू. मला हेच जास्त खरं वाटतं. आणि त्याचाच मला जास्त राग येतो, कारण बोलवलं नाही तर सांगायला मी होते. मी वचनच दिलं होतं तसं. तुम्ही ते ऐकलं होतं आणि मान डोलावली होती. दर शनिवारी तुम्ही माझ्याच तोंडून त्याच्याशी खोटं बोललात. माझ्यावर विश्वास ठेवून तो झोपत होता, तुमच्यावर ठेवून मी.

वकीलबाई म्हणाल्या, अजून एक वाट आहे. उशीर का झाला याचं खरं कारण लेखी दिलं तर अपील घेण्याचा विचार होऊ शकतो. घेतीलच असं नाही. "पण कारण लिहायचं म्हणजे," त्या चाचरल्या, "अण्णांचं नाव घालावं लागेल. वकिलानं कळवलं नाही, असं."

मी आत आले आणि काकूंना सगळं सांगितलं. सांगायला नको होतं, अजून सुतकाचं घर. पण तुमच्यासारखं मनात दडवून त्यांच्यासमोर बसणं मला जमलं नसतं. काकूंनी ऐकून घेतलं. नवल वाटल्यासारखं काही त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं नाही.

"माझे वडील गेले तवा," त्या म्हणाल्या, "हे मला जयसिंगपूरला घिऊन निघाले. वाटंत म्हणतात, ताप हाय जरा, तुला बघायचं म्हणत्यात. मी आपली वाटंत थांबवून मोसंबी घेतली. दारात पोचलो, तर ही चपलांची रास. तवा कळलं. मोसंबीची पिशवी हातात तशीच. एवढ्या वर्षांत त्या गोष्टीसाठी ह्यांना मी माफ केलेलं न्हाय. आन कधी बोलूनबी दाखवलं न्हाय."

"काकू, त्यांचं नाव लिहावं लागेल. दिल्लीला कागदावर राहील ते."

"लिव्ह की मग," त्या म्हणाल्या. "त्यांचं आता काय वाईट हुणार हाय? त्या पोराचं अजून व्हायचंय."

काल शनिवार होता. तुमचं ऑफिस काकूंनी उघडून दिलं. तुमच्या खुर्चीकडं न बघता मी मागच्या खोलीत गेले, खिडक्या उघडल्या, तुम्ही आणलेला पंखा सुरू केला. इद्रिस आला, नेहमीसारखा बूट दाराबाहेर काढून. मी त्याला सांगितलं. जसं वचन दिलं होतं तसं, त्याच खोलीत, दिवसाउजेडी, मी स्वतः. फक्त इतक्या उशिरा की त्या वचनाला आता काही अर्थ उरला नव्हता.

त्यानं खुर्ची माझ्यासमोर ओढून घेतली. मग विचारलं, "अण्णांना कधी कळलेलं?"

"दिवाळीच्या आधी."

तो मनात मागं मागं जाताना मला दिसत होता. फराळ, शर्ट, छत्री.

"म्हणून मॅचला यायला लागलेते व्हय," तो म्हणाला.

तुमचं ते सगळं प्रेम, अण्णा, खरंच होतं हे मला माहीत आहे. पण त्याच्या हातातून ते त्या क्षणी निसटलं, आणि ते मी परत देऊ शकत नव्हते.

"मी उचललं त्यांना, ताई," तो म्हणाला. "जिन्यावरनं. माझ्या अंगावर मान टाकली त्यांनी. तवा तरी सांगायचं की."

मग तो रागावला. मी त्याला असं रागावलेलं कधी बघितलं नव्हतं. त्याच्या भाषेत बोलला, मराठीत बोलला, उठून भिंतीला टेकून उभा राहिला. मी त्याला शांत केलं नाही. तो राग त्याच्या हक्काचा होता, आणि निम्मा माझाही होता.

शेवटी आम्ही कागद घेतला. मी लिहायला लागले की माझ्या वकिलांनी मला निकाल कळवला नाही. तो वाकून बघत होता.

"वकील नका लिवू," तो म्हणाला. "अण्णा लिवा."

"दिल्लीवाल्यांना कसं कळणार अण्णा कोण?"

"मग सांगा त्यांना."

मी तुमचं पूर्ण नाव लिहिलं आणि पुढं लिहिलं, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. त्यानं सही केली. त्या कागदासोबत माझा अहवाल जाईल. तो मी आज लिहून काढलाय, आणि तुमच्यावरच्या रागानं तो फार चांगला उतरलाय. पुढं काय होईल ते मला माहीत नाही, आणि मी त्याला तसंच सांगितलंय, की मला माहीत नाही.

सही करून तो पेनाला टोपण लावत होता, तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्याच्या आईचा. ती शनिवारीच करते, आपल्याकडचं काम आटोपत असेल त्या वेळेला. त्यानं फोन कानाला लावला. पलीकडून तिचा आवाज मला ऐकू येत होता, काहीतरी विचारत होती. इद्रिसनं माझ्याकडं बघितलं. मग खिडकीकडं वळला, आणि अगदी सहज, हसऱ्या आवाजात तिला काहीतरी म्हणाला. मला त्यातला एकच शब्द कळला. तारीख.

फोन ठेवल्यावर तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "तिला एवढ्यात नको, ताई."

अण्णा, तुमच्याशी इतकी वर्षं भांडले, आणि त्याच्याशी भांडायला माझ्याकडं एक शब्द नव्हता. मी कागद पाकिटात घातले, पंखा बंद केला, आणि आम्ही दोघं जिना उतरलो.

काल ती बाई तिकडं निवांत झोपली असेल. दिवाळीपासून मी झोपत होते तशी.